सौहार्द: दर रविवारी दहा ते अकरा

माणसाला घर लागते ते झोपण्यापुरते. जागेपणी त्याला शेजारी लागतो, असे नगररचनेतील तज्ज्ञांनी सिद्ध केले आहे. (हे तज्ज्ञ स्वतः उंच कुंपणाच्या आत, दोन कुत्र्यांच्या बंदोबस्तात राहतात, पण त्याने सिद्धान्ताला बाध येत नाही.) शेजारी दुकानात मिळत नाहीत. ते उगवावे लागतात आणि उगवण्यासाठी हिरवळ लागते. म्हणून शहाण्या माणसाने घर घेताना आधी खोल्या बघू नयेत, पाणी बघू नये, बाग बघावी. बाग असली की बाक असतात, बाक असले की माणसे बसतात, माणसे बसली की बोलतात, आणि बोलली की त्यालाच समाज म्हणतात. या साखळीत खोट काढायला जागा नाही. हे सगळे ‘घर निवडताना’ नावाच्या पुस्तिकेत गुळगुळीत कागदावर छापले होते, आणि गुळगुळीत कागदावर कुणी उगाच काहीबाही छापत नाही.

ही पुस्तिका निरीक्षकांना त्यांच्या लेकीने दिली. निरीक्षक म्हणजे वजनमापांचे; चौतीस वर्षे नोकरी, एक दिवस उशीर नाही. दुकानातले तराजू, दूधवाल्याची मापे, कापडवाल्याची पट्टी तपासायची आणि खोटे निघाले की जप्त करायचे, हे त्यांचे काम. या कामात त्यांचा मंत्र एकच: आगाऊ कळवून जाऊ नये. कळवून गेले की जगातला प्रत्येक तराजू खरा असतो. दुकानदाराकडे वजनांचे दोन संच असतात, एक गिऱ्हाइकासाठी आणि एक साहेबांसाठी. साहेबांनी न सांगता टपकायचे, म्हणजे गिऱ्हाइकाचा संच हाती लागतो. या विषयावर त्यांनी हाताखालच्या माणसांना सतरा भाषणे दिली होती. (अठरावे निरोपसमारंभात दिले, तेव्हा लोक निघून जाऊ लागले होते.)

निरीक्षक निवृत्त झाले तेव्हा एका गल्लीत राहत होते. सत्तावीस वर्षे राहत होते. गल्ली इतकी अरुंद की समोरासमोरच्या दोन घरांत एकाच दिव्यावर वाचता येई. झाड नाही, बाक नाही, हिरवळ म्हणावी तर गटाराच्या कडेचे शेवाळ. पुस्तिकेच्या सहाव्या पानावरच्या तक्त्यात निरीक्षकांनी आपल्या गल्लीचे गुण भरून पाहिले. शून्य आले. गल्लीत समाज नव्हता. होती ती नुसती माणसे.

त्यांतले सर्वांत उपद्रवी माणूस समोरची शिवणवाली. ही बाई दिवसातून अकरा वेळा निरीक्षकांच्या घरात येई. (सरासरी. निरीक्षकांनी महिनाभर नोंद ठेवली होती.) कात्री न्यायला येई, कात्री द्यायला येई, कात्री दिली का ते विचारायला येई. हात भरलेले असत म्हणून दार कोपराने ढकले. निरीक्षकांच्या पायरीवर बसून काजे करी, तेही विनापरवाना. निरीक्षकांच्या बायकोला, म्हणजे गल्लीच्या भाषेत निरीक्षकीणबाईंना, एकदा विषमज्वर झाला तेव्हा ही बाई त्यांच्या घरात आठ रात्री जमिनीवर अंथरूण टाकून झोपली. त्या महिन्याच्या नोंदीत निरीक्षकांनी ‘अनधिकृत मुक्काम: आठ’ असे लिहिले. शेवटी त्यांनी दारावर पाटी लावली: ‘कृपया दार वाजवून, परवानगी घेऊन आत यावे.’ शिवणवालीने ती पाटी वाचली, अक्षर छान आहे म्हणाली, आणि आत आली.

“अशा ठिकाणी म्हातारपण काढायचं का तुम्ही?” लेक म्हणाली. ती दूरच्या शहरात राहते आणि फोनवर काळजी करते. “मोकळी जागा हवी, समोर बाग हवी. चार लोक भेटतील. आईला सोबत होईल.”

निरीक्षकीणबाई म्हणाल्या, “मला कुठे सोबत कमी आहे?” पण हे मत पुस्तिकेतल्या कोणत्याच रकान्यात बसत नसल्याने विचारात घेता आले नाही.

निरीक्षक कामाला लागले. सात आठवड्यांत त्यांनी चौदा उद्याने मोजली. वही, पेन्सिल, घड्याळ. रकाने असे: बाक, माणसे, अभिवादने, हसणे (आवाजासह), हसणे (आवाजाविना), विचारपूस. निष्कर्ष धक्कादायक होते. तिसऱ्या उद्यानात तासाभरात दोनशे सहा माणसे आली आणि कानात बोळे घालून गोल गोल पळून गेली, अभिवादने शून्य. सहाव्यात कुत्री एकमेकांना मनापासून भेटत होती, पण मालक दोऱ्या ओढत होते. (कुत्र्यांची बेरीज वेगळी ठेवली.) नवव्या उद्यानात गवतावर चालू नये, फुले तोडू नयेत, मोठ्याने बोलू नये, झोपू नये, अशा एकतीस पाट्या होत्या आणि त्या वाचत उभा असलेला एक गृहस्थ. अकराव्यात दोन माणसे बोलताना आढळली. ती भांडत होती. निरीक्षकांनी बराच विचार करून त्यांना अर्धा गुण दिला.

मग दलालाचा फोन आला. “काका, एक बाग दाखवतो. या रविवारी बरोबर दहाला या. दहालाच बरं का.”

रविवारी बरोबर दहाला निरीक्षक पोचले. दलालाने गाडीचा भोंगा दोनदा वाजवला आणि फाटक उघडले. तिथे निरीक्षकांनी जे पाहिले ते त्यांच्या वहीत मावेना. बाकाबाकावर माणसे. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकलेली, टाळ्या देणारी, पोट धरून हसणारी. एक जोडपे चक्क मिठी मारत होते. दोन क्रमांकाच्या बाकावरच्या म्हाताऱ्या कारकुनाने निरीक्षकांना, ओळख ना पाळख, विचारले, “काय, तब्येत काय म्हणते?” आणि उत्तर ऐकायला थांबला! निरीक्षकांनी आजवर हजारो माणसांना तब्येत सांगितली होती, पण दुसऱ्या वाक्यापलीकडे कुणी टिकले नव्हते. तासाभराची बेरीज: अभिवादने एक्केचाळीस, आवाजासह हसणे एकोणतीस, मिठी एक. पुढच्या महिन्यात गल्लीतले घर एका विमा कंपनीतल्या तरुण गृहस्थाला विकून निरीक्षकांनी बागेसमोरची सदनिका घेतली.

निघताना शिवणवाली पायरीवर बसून होती. ती काजे करत राहिली. निरीक्षकांनी त्या दिवशी तिच्या फेऱ्या मोजल्या. त्या शून्य भरल्या. त्यांना जरा हायसे वाटले.

सोमवारी सकाळी निरीक्षक वही घेऊन बागेत उतरले. कुणी नव्हते. मंगळवारी एक माणूस दिसला. निरीक्षक हसले, तेव्हा तो वळसा घालून दुसऱ्या फाटकाने गेला. बुधवारी, गुरुवारी माळी आणि निरीक्षक. माळी झाडांशी बोलत होता, आणि मध्ये बोलणे निरीक्षकांना प्रशस्त वाटले नाही. शुक्रवारी दाराखालून एक कागद आत सरकला.

‘उद्यान सौहार्द समितीतर्फे परिपत्रक. नवीन रहिवाशांचे हार्दिक स्वागत. (हे परिपत्रक हेच स्वागत समजावे.) आपली नेमणूक पुढीलप्रमाणे. निरीक्षक: बाक क्रमांक पाच, वर्तमानपत्र, अधूनमधून मान डोलावणे. सौभाग्यवती: बाक क्रमांक चार, सहकारी भूगोलाच्या निवृत्त बाई, चौथा मजला, मोकळेपणाने गप्पा, चाळीस मिनिटे. भोंगा दोनदा वाजताच चार मिनिटांत हजर व्हावे. हसणे दात दिसतील इतके, हिरड्या नकोत. एकमेकांना नावाने हाक मारू नये, नावे चुकतात, “काय म्हणता!” पुरेसे आहे. विचारपूस फक्त बाक क्रमांक दोनने करावी, त्यांना सराव आहे. मिठी तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याकडेच राहील. (ते घरात एकमेकांशी बोलत नाहीत, परंतु मिठीचा दर्जा पाहता समितीने त्यांना मुदतवाढ दिली आहे.) गिऱ्हाइकाची गाडी वळणावरून गेली की सौहार्द समाप्त.’

निरीक्षकांच्या डोळ्यांपुढे दोन संच उभे राहिले. एक गिऱ्हाइकाचा आणि एक साहेबांचा. आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदाच साहेब आगाऊ कळवून गेले होते.

समितीचे सचिव पेशाने दंतवैद्य होते. त्यांचा दवाखाना तळमजल्यावर. निरीक्षक तिथे जाऊन गरजले, “ही चक्क फसवणूक आहे! दाखवायचं वजन वेगळं आणि विकायचं वेगळं?”

“बसा ना,” दंतवैद्य म्हणाले. “नाही, त्या खुर्चीत नको, या. हे बघा साहेब, तुम्ही बाक मोजलेत, माणसं मोजलीत, दात मोजलेत. सोमवारी काय असतं, हे विचारलंत का कुणाला?”

निरीक्षकांनी विचारले नव्हते.

“बाकीच्यांना आम्ही तीस अभिवादनांत वाटेला लावतो. तुम्ही वही काढलीत म्हणून एक्केचाळीस दिली. माझ्या सासूबाईंना गुडघे दुखत असताना दोनदा उठवलं. आणि आम्ही तरी दुसरं काय केलं? आम्हीही असेच भोंग्याच्या वेळी आलो होतो.”

समिती कशी जन्मली हेही त्यांनी सांगितले. पहिल्या रहिवाशाला बाग ओस दिसली, तेव्हा त्याने घर विकायला काढले, आणि ओस बागेसमोरचे घर कोण घेणार, म्हणून शेजाऱ्याला बाकावर बसवले. शेजाऱ्यालाही पुढे तेच करावे लागले. अशा रीतीने एकमेकांपासून सुटका करून घेण्याच्या सामायिक इच्छेतून ही माणसे एकत्र आली. समाज याहून भक्कम पायावर उभा राहिल्याचे उदाहरण इतिहासात विरळा.

निरीक्षकांनी असहकार पुकारायचे ठरवले होते. पण घरी एक अडचण होती, आणि ती आता स्पष्ट सांगितली पाहिजे. निरीक्षकीणबाई बोलायच्या थांबल्या होत्या. रुसून नव्हे, विषयच संपले होते. गल्लीत त्यांचा सगळा दिवस दारात जाई. इथे दार लावले की आपोआप कुलूप पडे. दिवसभर घरात बसून त्या संध्याकाळी नवऱ्याला विचारत, “आज कुणी आलं होतं का?” एकदा निरीक्षक जिन्यात असताना त्यांनी ऐकले: लिफ्टमधला ध्वनिमुद्रित आवाज म्हणाला, ‘दार बंद होत आहे,’ आणि निरीक्षकीणबाई म्हणाल्या, “होऊ दे बाई, तू तरी काय करणार.” लिफ्टने उत्तर दिले नाही. त्या थोडा वेळ थांबल्या, मग म्हणाल्या, “दमलीस ना?” निरीक्षकांनी वही उघडली. वहीत लिहायला रकाना नव्हता.

रविवारी भोंगा वाजला. निरीक्षकीणबाई चार क्रमांकाच्या बाकावर जाऊन बसल्या, शेजारी भूगोलाच्या बाई. सुरुवात नियमाप्रमाणे झाली. हवा बरी आहे. हो, बरी आहे. झाडे छान आहेत. हो. मग सहा मिनिटांत विषय संपले आणि चौतीस मिनिटे उरली. नाइलाजाने खरे बोलावे लागले. भूगोलाच्या बाईंचे यजमान जाऊन तीन वर्षे झाली होती. त्या अजून दोन कप चहा टाकत आणि दुसरा बेसिनमध्ये ओतत. निरीक्षकीणबाई म्हणाल्या, मी लिफ्टशी बोलते. दोघी हसल्या, हिरड्या दिसतील इतक्या. दंतवैद्यांनी लांबून खूण केली, पण ती त्यांना दिसली नाही.

अकराला गाडी वळणावरून गेली. सौहार्द समाप्त झाले. दोघी एकाच लिफ्टने वर गेल्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत. पाळी संपल्यावर बोलण्याला मनाई नव्हती. फक्त तशी तरतूद नव्हती. मात्र घरी आल्यावर निरीक्षकीणबाई रात्रीपर्यंत नवऱ्याशी बोलत होत्या, आणि मग आठवडाभर कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मुद्दे टिपून ठेवत होत्या: ‘गुडघ्याचे तेल विचारणे. लेकीचा फोन आला ते सांगणे. नकाशात उत्तर नेहमी वरच का?’ रविवारी भोंग्याच्या अर्धा तास आधीपासून त्या चपला घालून बसत.

निरीक्षक पाच क्रमांकाच्या बाकावर वर्तमानपत्र धरून मान डोलावत. ज्या माणसाने आयुष्यभर खोटी मापे जप्त केली, तो आता स्वतः एक खोटे माप झाला होता. पण शेजारच्या बाकावरून बायकोचे हसणे ऐकू येई, आणि त्याचा काटा खरा होता.

चार महिने असे सुखात गेले. मग आपत्ती कोसळली: शेवटचे घर विकले गेले. फलकावर सूचना लागली, ‘विक्रीयोग्य सदनिका शिल्लक नसल्याने सौहार्द पुढील सूचनेपर्यंत स्थगित करण्यात येत आहे.’

पुढच्या रविवारी निरीक्षकीणबाई तरीही खाली गेल्या. दहा ते अकरा बाकावर बसून राहिल्या, कॅलेंडरचा कागद हातात. चौथ्या मजल्यावरचा पडदा जरासा हलला, पण कुणी आले नाही. त्या वर आल्या आणि एवढेच म्हणाल्या, “गाडी नाही आली.”

“अगं, मग वर जाऊन बेल वाजव की त्यांची.”

“काय म्हणून वाजवू? काही काम नको का? त्यांना वाटेल, काय मागायला आली.”

हे ऐकून निरीक्षक स्वतः चौथ्या मजल्यावर गेले. दार होते, बेल होती, आणि बेलच्या वर पाटी: ‘कृपया आगाऊ कळवून यावे.’ निरीक्षकांनी ती दोनदा वाचली. अक्षर वेगळे होते, पण मजकूर त्यांच्या ओळखीचा होता. बेलवर ठेवलेले बोट त्यांनी काढून घेतले आणि खाली आले. त्यांना वाईट वाटले. याला दुसरा शब्द नाही. कात्री द्यायचे निमित्त करावे, तर कात्री त्यांच्याकडे कधी नव्हती. ती नेहमी शिवणवालीकडे असे.

सोमवारी निरीक्षकांनी दलालाला फोन केला. “माझं घर विकायला काढायचं आहे.”

“का हो काका? बाग आवडली नाही?”

“आवडली. रविवारी गिऱ्हाईक घेऊन या. दहाला.”

भोंगा वाजला. चार मिनिटांत बाग भरली. निरीक्षकीणबाई आणि भूगोलाच्या बाई एकदम बोलू लागल्या, कारण दोन आठवड्यांचे साचले होते. आता निरीक्षकांपुढे कामगिरी एकच: घर दाखवायचे, पण जाऊ द्यायचे नाही. यासाठी त्यांनी फक्त खरे बोलायचे ठरवले, आणि ते अत्यंत परिणामकारक ठरले. ते गिऱ्हाइकासमोर फीत काढत आणि खोली मोजून दाखवत: कागदावर बारा फूट, जागेवर साडेदहा. नळ सोडून लिटरचे माप भरायला किती वेळ लागतो तेही दाखवत. तरीही एखादा चिवट निघालाच, तर त्यांचा एक शेवटचा प्रश्न असे.

“सध्या जिथे राहता, तिथे तुमच्या समोरच्या दारात कोण राहतं? नाव सांगा.”

गिऱ्हाईक बायकोकडे बघे. बायको छताकडे बघे. “एक गृहस्थ आहेत. उंच आहेत.” “चपला असतात बाहेर, म्हणजे कुणीतरी आहे.” एकाने विचारले, “हे नियमात आहे का?” निरीक्षक म्हणत, आहे, उत्तर येईल त्यालाच घर. आठ महिन्यांत एकतीस गिऱ्हाइके आली. बरोबर उत्तरे: शून्य.

एके दिवशी दलाल रडकुंडीला येऊन म्हणाला, “काका, काय चाललंय तुमच्या या बागेत? अठ्ठेचाळीस घरं, त्यातली एकोणीस विकायला आहेत आणि एक विकलं जात नाही!”

“एकोणीस?”

“तुम्ही फोन केलात ना, त्याच दिवशी चौथ्या मजल्यावरच्या बाईंचा आला. त्या गिऱ्हाइकाला खिडकीत उभं करून दिशा विचारतात, चुकली की हाकलतात. त्या कारकुनांनी काढलंय, ते तब्येत सांगत बसतात. दंतवैद्यांनी स्वतःचं काढलंय, ते गिऱ्हाइकाची दाढ बघतात!”

“मग तुम्ही तरी कशाला येता?”

दलाल जरा घुटमळला. “नाही, ते दोन नंबरवाले आजोबा विचारतात ना दर वेळी तब्येत. बाकी कोण विचारतंय?”

एकोणीस विक्रेत्यांमुळे बुधवारीही सौहार्द भरवावे लागले. अभिवादने सदुसष्टवर गेली. उद्यान विभागाचे अधिकारी पाहणीसाठी आले (आगाऊ कळवून) आणि ‘घर निवडताना’ पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीत या बागेचे रंगीत छायाचित्र सहाव्या पानावर आले. त्यात मिठी स्पष्ट दिसते.

बत्तिसावे गिऱ्हाईक गाडीतून उतरले, आणि निरीक्षकांच्या हातातली फीत सुटली. तो विमा कंपनीतला तरुण गृहस्थ होता. त्यांचे गल्लीतले घर त्यानेच घेतले होते. त्याने खोल्या पाहिल्या, साडेदहा फुटांना हरकत घेतली नाही, नळाकडे बघितलेही नाही. खिडकीत उभा राहून म्हणाला, “वा! काय माणसं आहेत!”

निरीक्षकांना प्रश्न विचारणे भाग होते. नियम तो नियम. “समोर कोण राहतं?”

“समोर? ती शिवणवाली!” गृहस्थ उसळला. “विचारू नका काका. दिवसातून अकरा वेळा घरात येते. कोपराने दार ढकलते. बायकोला ताप आला तर उशाशी येऊन बसली. घालवली तरी जाईना. म्हणून तर घर बदलतोय. त्या गल्लीत बाग नाही, काही नाही.”

निरीक्षकीणबाई चपला घालून दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारले, “बरी आहे ना ती?”

“असते पायरीवर बसलेली. तुमचीच चौकशी करते सारखी, निरीक्षकीणबाईंचं काही कळलं का म्हणून. आम्ही सांगतो, त्या काय, मजेत असतील! बागेसमोर राहायला गेल्यात.”

 मग निरीक्षकीणबाई नवऱ्याला म्हणाल्या, “काखेत कळसा होता, अहो. तुम्ही त्याच्या फेऱ्या मोजत बसलात.”

चौतीस वर्षे खऱ्या मापाची नोकरी केलेल्या माणसाला एक शेवटची गोष्ट करणे भाग होते. निरीक्षकांनी त्या तरुण गृहस्थाला सगळे सांगितले: भोंगा, चार मिनिटे, परिपत्रक, हिरड्या. “हे सगळं दाखवायचं आहे. सोमवारी येऊन बघा. रविवार-बुधवार सोडले तर पाच दिवस इथे कुणी कुणाच्या दारात उभं राहत नाही. मेलात तरी कुणी बेल वाजवणार नाही.”

गृहस्थाचा चेहरा उजळला. “नक्की? कुणीच येत नाही?”

“कुणीच नाही.”

“आणि खिडकीतून मात्र हे असं दिसतं?” त्याने खाली मिठीकडे बोट दाखवले.

“तासभर.”

“मग पक्कं,” गृहस्थ म्हणाला.

घराला घर अशी अदलाबदल ठरली. निघायच्या दिवशी निरीक्षकीणबाई जिना चढून चौथ्या मजल्यावर गेल्या आणि त्यांनी बेल वाजवली. आगाऊ न कळवता, आणि बुधवार-रविवार नसताना. इमारतीच्या इतिहासातली ही पहिलीच घटना. दार इतके लगेच उघडले, की भूगोलाच्या बाई कडीवर हात ठेवून आतच उभ्या असाव्यात. किती दिवसांपासून, ते त्यांनी सांगितले नाही. कॅलेंडरवरचे सगळे मुद्दे त्या दुपारी दारातच संपले, सामानाची गाडी दीड तास खोळंबली, आणि निरीक्षकांनी घड्याळ बघितले नाही. गल्लीचा पत्ता भूगोलाच्या बाईंनी नकाशासकट लिहून घेतला.

गल्लीत सामान उतरून दहा मिनिटे झाली नव्हती तोच दार कोपराने ढकलले गेले. “कात्री द्यायला आले,” शिवणवाली म्हणाली, आणि कात्री हातात ठेवूनच खाली बसली. निरीक्षकांनी पाटी काढून ठेवली होती. खिळा तेवढा राहिला; त्याला ती आता सुतांची लड अडकवते.

बागेसमोर सध्या अठरा घरे विकायला आहेत. मागणी प्रचंड आहे. विमावाल्याने मित्रांना कळवले, मित्रांनी मित्रांना. तेव्हा दंतवैद्यांच्या समितीने निरीक्षकांचा प्रश्न कायम ठेवून निकष तेवढा उलटा केला: ज्याला समोरच्या दारातल्या माणसाचे नाव सांगता येईल, त्याने येऊ नये, असली माणसे पुढे त्रास देतात. बाकीच्यांनी रविवारी बरोबर दहाला यावे, भोंगा दोनदा वाजवावा. तुम्ही आलात तर तुमच्यासाठीही लोक हसतील. प्रश्नाच्या तयारीची चिंता करू नका. मघाशी तो वाचताना तुम्ही पान न उलटता क्षणभर आठवत बसला होतात, तेव्हाच तुमची निवड झाली. चार क्रमांकाच्या बाकावर जागा रिकामी आहे.